मिसिसिपीतले मास्तर आणि मुले

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यामुळे काळ्यांच्या लढ्याची उगारलेली मूठ आपल्या ओळखीची झाली. त्या लढ्याची पाटी-पेन्सिल मात्र फारशी ओळखीची झाली नाही. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ चा. त्याच्या दोन वर्षे आधी मिसिसिपी राज्यात विशीतल्या पोरांनी उन्हाळाभर ‘स्वातंत्र्यशाळा’ चालवल्या. त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

कल्पना चार्ल्स कॉबची. हॉवर्ड विद्यापीठातले शिक्षण सोडून तो ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेच्या कामासाठी मिसिसिपीत आला होता. डिसेंबर १९६३ मध्ये त्याने टिपण लिहिले. काळ्या मुलांना शाळा होत्या. पण तिथे प्रश्न विचारायची सोय नव्हती. राज्य गोऱ्या मुलामागे वर्षाला सुमारे ८२ डॉलर खर्च करी, काळ्या मुलामागे सुमारे २२. कापूस वेचणीच्या दिवसांत काळ्यांच्या अनेक शाळा बंद राहत. ही सुट्टी कोणाच्या सोयीची, हे आपल्या वाचकाला सांगायला नको.

१९६४ च्या उन्हाळ्यात चर्चच्या तळघरांत, ओसऱ्यांवर, झाडांखाली अशा ४१ शाळा भरल्या. हजार मुले येतील असा अंदाज होता. दोन हजारांवर आली. शिकवणारे बहुतेक उत्तरेतले गोरे विद्यार्थी होते. हे बोलके पाहुणे गावच्या कार्यकर्त्याला मागे सारतील, अशी भीती स्निकमधल्या काळ्या कार्यकर्त्यांनी आधीच बोलून दाखवली होती, आणि ती खोटी नव्हती. (आपल्या शिबिरांतही शहरातला वक्ता हेच करतो.) पण अभ्यासक्रमात एक शहाणपण होते. त्यात व्याख्यान कमी, विचारणे जास्त. गोऱ्यांच्या संस्कृतीतले आपल्याला काय हवे? काय नको? आणि आपल्याजवळचे काय आपण सांभाळून ठेवायचे? या प्रश्नांची उत्तरे पाहुण्या मास्तराजवळ नव्हतीच. ती मुलांनीच द्यायची होती.

या प्रश्नांची किंमत मोठी होती. नेशोबा परगण्यात जिथे अशी शाळा भरायची होती, ते चर्च जाळले गेले. त्याची चौकशी करायला गेलेले जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर यांचा २१ जूनला खून झाला. त्यांच्यातला सर्वांत मोठा श्वर्नर, तो २४ वर्षांचा.

मग सरकारी शाळांतले काळे मास्तर कुठे होते? पुष्कळसे लांबच राहिले. त्यांची नोकरी गोऱ्यांच्या हाती होती. वर्गात हा भाग सांगताना मी त्यांना भित्रे म्हणत असे. आता म्हणवत नाही.

गेल्या एप्रिलात जयंतीच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या विहारात तीन संध्याकाळी चर्चा ठेवली. तिसरा प्रश्न त्यांनीच निवडला: आपल्याजवळचे काय ठेवायचे? आधी कोणी बोलेना. मग एक आजोबा म्हणाले, “हलगी आमच्या गळ्यात गावाने बांधली होती. ती आम्ही टाकली.” बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी उठली. “हलगी टाकली ते बरंच केलंत. पण माझी आजी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची. त्याही टाकायच्या का?” त्यानंतर रात्री अकरापर्यंत बाया बोलत होत्या.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. घरातला पहिला पदवीधर मी, आणि शिकवतो तासिका तत्त्वावर. आदल्या दिवशी एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, “सर, ऑर्डर पक्की होईपर्यंत जरा जपून.” पत्रकावर माझे नाव नव्हते. मीच घालू नका म्हणालो होतो.

ऑगस्ट १९६४ मध्ये स्वातंत्र्यशाळांच्या मुलांनी मेरिडियन शहरात स्वतःचे अधिवेशन भरवले. त्याच शहरात ७ ऑगस्टला चेनीला अखेरचा निरोप दिला गेला होता. मुलांनी ठराव केले ते घरांविषयी, दवाखान्यांविषयी, मतदानाविषयी. शिक्षणावरच्या ठरावात एक कलम मास्तरांसाठी होते: नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कोणत्याही राजकीय संघटनेत शिक्षकाला जाता यावे, त्यापायी त्याची नोकरी जाऊ नये.

जे मास्तर त्यांच्याकडे आले नाहीत, त्यांच्यासाठीही मुलांनी हे मागितले होते. हे कलम मी विहारातल्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवले. बैठक संपल्यावर ती ओव्यांवाली मुलगी जवळ आली. “सर, दिवाळीनंतरच्या शिबिराच्या पत्रकावर तुमचं नाव घालू?”

मी दोन दिवसांनी सांगतो म्हणालो. त्याला आता तीन आठवडे झाले.