सायकलच्या दुकानांतून युद्धखात्याकडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत डेटन नांवाचें शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथें विल्बर व ऑर्विल राइट या दोघां भावांचें सायकलचें दुकान होतें. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या आणि पुढें पुढें स्वतः तयारहि कराव्या, असा त्यांचा धंदा होता. दोघांपैकीं एकानेंहि कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. या दुकानाच्या मिळकतीवर जें संशोधन झालें, त्यांतूनच अमेरिकन सैन्याचें पहिलें विमान निघालें. राइट बंधूंचें विमान उडालें कसें, ही हकीकत शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. तें विकलें कसें गेलें, ही हकीकत मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. आणि खरें पाहतां तीच अधिक विलक्षण आहे.

१८९९ च्या मे महिन्यांत विल्बरनें वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणविद्येवरील ग्रंथांची माहिती मागविली. पुढील दोन वर्षांत दोघांनीं बिनएंजिनाचीं यंत्रें करून किटी हॉक येथील वाळवंटी किनाऱ्यावर उडवून पाहिलीं; पण पूर्वसूरींनीं दिलेले आंकडे आणि प्रत्यक्ष अनुभव यांचा मेळ बसेना. तेव्हां १९०१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशीं त्यांनीं दुकानांतच सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी तयार केली. तींतून पंख्यानें वारा सोडावयाचा आणि आंत पंखांचे लहान लहान नमुने ठेवून वाऱ्याचा जोर मोजावयाचा. मोजणीचे कांटे केले होते करवतीच्या पात्यांचे आणि सायकलच्या चाकाच्या तारांचे. अशा सामग्रीनिशीं सुमारें दोनशे नमुने तपासले गेले. त्यांना हवें तसें हलकें एंजिन कोणी कारखानदार करून देईना, म्हणून दुकानांतील कारागीर चार्ल्स टेलर यानें सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचें एंजिन घडविलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं हें यंत्र चार वेळां उडालें. चवथ्या खेपेस तें ५९ सेकंदांत ८५२ फूट गेलें. या साऱ्या उद्योगाला प्रवासखर्च धरूनहि हजार डॉलरांहून कमीच खर्च आला होता.

आतां याच वेळीं सरकारी बाजूस काय चाललें होतें तें पाहणें अवश्य आहे. स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली हे नामांकित शास्त्रज्ञ. त्यांच्या विमानासाठीं युद्धखात्यानें पन्नास हजार डॉलर दिले होते. तें विमान १९०३ च्या ऑक्टोबरांत पोटोमॅक नदींत कोसळलें आणि ८ डिसेंबरला, म्हणजे राइटांच्या उड्डाणाच्या अवघे नऊ दिवस आधीं, पुन्हां कोसळलें. वृत्तपत्रांनीं हुर्यो केली आणि काँग्रेसच्या सभासदांनीं जनतेच्या पैशाबद्दल जाब विचारला. दुधानें तोंड पोळलेला ताकहि फुंकून पितो, तसें यापुढें युद्धखात्याचें झालें.

१८ जानेवारी १९०५ रोजीं राइट बंधूंनीं आपल्या भागाचे काँग्रेस-सभासद नेव्हिन यांच्यामार्फत युद्धखात्याला लिहिलें कीं, आमच्यापाशीं उडणारें यंत्र आहे, तें सरकारला द्यावयास आम्ही तयार आहों. उत्तर आलें तें असें कीं, प्रयोगांसाठीं आर्थिक मदत मागणाऱ्यांचे पुष्कळ अर्ज येतात. सरकारला खर्चांत न घालतां यंत्र प्रत्यक्ष उपयोगाच्या अवस्थेला आणलेलें असेल, तरच विचार होईल. गंमत अशी कीं, राइटांनीं मदतीचा एक डॉलरहि मागितला नव्हता! त्याच वर्षीं ५ ऑक्टोबरला डेटनजवळच्या हफमन यांच्या कुरणावर विल्बर ३९ मिनिटें आकाशांत राहिला आणि चोवीस मैल फिरून आला. दुसऱ्यांदा पत्र गेलें. दुसऱ्यांदा तेंच उत्तर आलें.

हा दोष केवळ सरकारी बाबूंच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. करार होईपर्यंत यंत्र दाखवावयाचें नाहीं, असा राइटांचा निश्चय होता. मोठ्या कारखान्याची एखादी युक्ति कोणी चोरली तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु या दुकानाचें सारें भांडवल त्या एका रहस्यांतच सांठलेलें होतें. उलट, न पाहिलेल्या मालाला जनतेच्या खजिन्यांतून दाम मोजावा असें कोणता अधिकारी लिहून देईल? माल पाहिल्यावांचून दाम नाहीं आणि दाम ठरल्यावांचून माल दिसणार नाहीं, अशी ही अडवणूक होती. इंग्लंडच्या युद्धखात्याशीं झालेला पत्रव्यवहार याच खडकावर फुटला. फ्रान्सशीं दहा लक्ष फ्रँकांची बोलणी झाली; तीं मोडलीं, आणि फ्रेंचांनीं विसारादाखल ठेवलेले पंचवीस हजार फ्रँक राइटांकडे राहिले. २२ मे १९०६ रोजीं त्यांना अमेरिकन पेटंट मिळालें. पण १९०५ च्या ऑक्टोबरपासून १९०८ च्या मेपर्यंत, अडीच वर्षांहून अधिक काळ, जगांत ज्यांना खरें उडतां येत होतें त्या दोघांनीं एकदांहि उड्डाण केलें नाहीं. तेवढ्या काळांत युरोपांतले प्रतिस्पर्धी मागून येऊन जवळ पोहोंचले.

१९०७ च्या ऑगस्टांत अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्यें विमानविद्येची शाखा निघाली, आणि २३ डिसेंबरला त्या खात्यानें टेंडरें मागविलीं. अटी अशा: यंत्रानें दोन माणसें न्यावीं, ताशीं चाळीस मैल जावें, निदान एक तास हवेंत रहावें आणि तें लष्करी गाड्यांतून वाहून नेतां यावें. असली अशक्य गोष्ट मागितल्याबद्दल वृत्तपत्रांनीं खात्याची टर उडविली. तरी एक्केचाळीस टेंडरें आलीं. कोणी यंत्र हजार डॉलरांत देऊं केलें, कोणी वीस हजारांत. राइटांनीं पंचवीस हजार मागितले. वेळेवर यंत्र आणून उभें केलें तें मात्र एकट्या राइटांनीं.

१९०८ च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायरच्या मैदानावर ऑर्विलनें उड्डाणें सुरू केलीं. विल्बर त्या वेळीं फ्रान्समध्यें होता. पाहणाऱ्या अधिकाऱ्यांत लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा सव्वीस वर्षांचा तरुण होता. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांच्या विमानसंघाचा तो सभासद, म्हणजे एका अर्थीं प्रतिस्पर्धीच. ऑर्विलचा त्याच्यावर विश्वास नव्हता. १७ सप्टेंबरला तोच उतारू म्हणून शेजारीं बसला. पंख्याचें पातें तडकलें, त्यानें सुकाणूंची तार तोडली आणि यंत्र डोक्यावर कोसळलें. सेल्फ्रिज त्याच दिवशीं वारला. एंजिनाच्या विमानाच्या अपघातांत प्राण गमावणारा तो पहिला मनुष्य. ऑर्विलची मांडी व बरगड्या मोडल्या. डेटनच्या शाळेंत लॅटिन शिकविणारी त्यांची बहीण कॅथरिन रजा घेऊन धांवली आणि तिनें रुग्णालयांत आठवडेच्या आठवडे शुश्रूषा केली. ती शिकविण्याच्या कामावर पुन्हां कधींच गेली नाहीं.

सैन्यानें करार मोडला नाहीं. मुदत वाढवून दिली. १९०९ च्या जुलैंत त्याच मैदानावर ऑर्विल पुन्हां यंत्रांत बसला. २७ तारखेस लेफ्टनंट लाम याला घेऊन तो एक तास बारा मिनिटें हवेंत राहिला. ३० तारखेस लेफ्टनंट फुलॉय याला घेऊन तो अलेक्झांड्रियाच्या बाजूस टेकड्यांवरून जाऊन परत आला. वेग पडला ताशीं साडेबेचाळीस मैल. चाळिसांवर प्रत्येक पुऱ्या मैलास दहा टक्के बक्षीस ठरलें होतें. म्हणून पंचवीस हजारांचे तीस हजार झाले. २ ऑगस्टला यंत्र सरकारजमा झालें.

पुढें फुलॉय तें टेक्ससमध्यें घेऊन गेला. त्याच्या देखभालीसाठीं सरकारनें दीडशें डॉलर मंजूर केले. उरलेला खर्च त्यानें पदरचा केला. १९११ मध्यें हें विमान स्मिथ्सोनियन संस्थेंत ठेवण्यांत आलें. १९०३ चें मूळ विमान मात्र तेथें जावयास तयार नव्हतें. लँग्ली यांचेंच यंत्र मनुष्याला घेऊन उडण्यास समर्थ असें पहिलें विमान होतें, असें ती संस्था सांगत राहिली. म्हणून ऑर्विलनें आपलें यंत्र १९२८ मध्यें लंडनच्या संग्रहालयांत पाठवून दिलें. संस्थेनें आपलें विधान १९४२ मध्यें मागें घेतलें. यंत्र परत येऊन १७ डिसेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टनमध्यें टांगलें गेलें, तेव्हां ऑर्विलला जाऊन साडेदहा महिने झाले होते.