‘बाळगणे’ या शब्दाचे वजन

मराठीत आपण आशा बाळगतो, भीती बाळगतो, सावधगिरीही बाळगतो. या क्रियापदात हाताइतकेच मन गुंतलेले असते. शस्त्र किंवा अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यात आरोपीचा बचाव बहुधा याच एका शब्दाभोवती फिरतो.

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी केडगावला थांबते. समजा, तिच्यात बाकाखालच्या पिशवीत गावठी कट्टा निघाला. बाकावर बसलेला माणूस तेवढ्यावरून गुन्हेगार ठरेल का?

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला, तेव्हा भारतीय माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना मात्र मोकळीक होती. कायद्याच्या मुळाशी प्रजेविषयीचा संशयच होता. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. त्यातील ‘ताबा’ म्हणजे काय, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात केला. वस्तू आपल्यापाशी आहे याची जाणीव हवी, आणि ती हातात नसली तरी तिच्यावर आपला ताबा हवा. म्हणजे घरी बंदूक ठेवून परगावी गेलेला माणूस सुटत नाही. पण ज्याच्या घरात दुसऱ्याने नकळत शस्त्र लपवले, तो दोषी नव्हे.

मुंबई बॉम्बस्फोटानंतर संजय दत्त यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९९४ साली ‘टाडा’खालीही जाणीवपूर्वक ताब्याची अट कायम ठेवली. पुढे ते ‘टाडा’च्या आरोपांतून सुटले. शस्त्र कायद्याखालची शिक्षा मात्र टळली नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. शब्दाची धार दोन्ही बाजूंनी चालते, ती अशी.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा अधिक कडक आहे. व्यावसायिक प्रमाण, म्हणजे गांजा वीस किलो वा हेरॉईन पाव किलोपेक्षा जास्त सापडले, तर किमान शिक्षा दहा वर्षांची. जामीनही दुर्मीळ. शिवाय ताबा सिद्ध झाला की आरोपीला त्याची जाणीव होती, असे कायदा गृहीत धरतो. ती नव्हती हे आरोपीनेच दाखवायचे. २००८ साली नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, पण बजावले, की आधी सरकार पक्षाने मूळ गोष्टी सिद्ध कराव्यात. म्हणूनच वकील पंचनाम्याची ओळ न् ओळ तपासतो: माल कुठे सापडला, सील कधी लागले, नमुना प्रयोगशाळेत कसा पोहोचला, पंच खरोखर हजर होते का. याला कुणी पळवाट म्हणतात. पण दहा वर्षांचा तुरुंग ज्या कागदावर उभा राहतो, तो कागद तपासू नये तर काय करावे? १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, तेही याच काळजीपोटी.

पण तपासणारा वकीलच नसेल तर? १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायालयाने गरीब कैद्याचा अपिलासाठी मोफत वकिलाचा हक्क मान्य केला. आज कोठडीतील कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागता येतो, आणि तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते.

एखाद्यापाशी काय सापडले, हे पोलीस सांगतात. ते त्याने बाळगले होते का, हे मात्र न्यायालयालाच ठरवावे लागते. या दोन क्रियापदांमधल्या जागेत वकील उभा असतो. ती जागा मोकळी राहिली, तर बाकावरचा कुणीही प्रवासी सुरक्षित नाही.