अंड्यांच्या पेटीचा वंश

काश्मीरच्या ओढ्यात किंवा निलगिरीतल्या थंड तलावात गळाला ट्राउट लागला, की तो तिथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी वाटतो. खरं तर भारताच्या कोणत्याही नदीत ट्राउट मूळचा नाही. त्याचे पूर्वज समुद्रमार्गे इथे आले, आणि त्यांतले बरेचसे अंड्यांच्या रूपात. तलावातल्या माशाचा इतिहास शोधत मागे गेलं, तर आपण एका लाकडी पेटीपाशी पोहोचतो. पुढे याच पेटीची एक शाखा लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी फुटली.

जिवंत मासा लांब न्यायचा तर त्याच्याबरोबर पाणी न्यावं लागतं. त्या पाण्यातला प्राणवायू संपतो, घाण साठते, मासा गुदमरतो. अंड्याचं तसं नाही. त्याला ओलावा आणि हवा मिळाली तरी पुरतं. ट्राउटच्या अंड्याची आणखी एक सोय म्हणजे ते सावकाश वाढतं. पाणी दहा अंशांवर असेल तर ते फुटायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि थंडी जितकी जास्त तितका हा काळ लांबतो. म्हणजे बर्फ असेल तर वेळ विकत घेता येतो.

अंडी इतक्या लांब जिवंत न्यायची कशी, हे कोडं सुटलं ते टास्मानियासाठी. इंग्लंडहून तिथे सामन मासा नेण्याचे १८६० आणि १८६२ सालचे प्रयत्न फसले होते. त्या प्रयत्नांमागच्या जेम्स यूल यांनी मग अंडी वाहत्या पाण्यात ठेवण्याचा हट्ट सोडला. ओल्या शेवाळात गुंडाळलेली अंडी लाकडी पेट्यांत भरून लंडनच्या बर्फाच्या तळघरात त्यांनी ठेवून पाहिली. ती जगली. १८६४च्या जानेवारीत अशा पेट्या ‘नॉरफोक’ जहाजाच्या बर्फघरात रचल्या गेल्या, आणि एप्रिलमध्ये त्या टास्मानियातल्या प्लेंटी नदीकाठी उघडल्या. सामनच्या अंड्यांबरोबर थोडी ट्राउटची अंडीही होती. सामनने त्या बेटावर बस्तान बसवलं नाही, ट्राउटने बसवलं. शेवाळाने दोन कामं केली. अंड्यांना ओल दिली आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवलं. कारण एक अंडं मेलं की त्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते.

भारतात फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली निलगिरीसाठी केलेला पहिला प्रयत्न अयशस्वी ठरला. काश्मीरसाठी १८९९ साली निघालेली अंडी वाटेतच नासली; १९०० सालची दुसरी खेप, स्कॉटलंडची, जगली आणि श्रीनगरजवळच्या हरवानला तिचं संगोपन झालं. निलगिरीत एच. सी. विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा नेट लावला आणि अ‍ॅव्हलांच इथल्या उबवणी केंद्रातून इंद्रधनुषी ट्राउट तिथल्या पाण्यात स्थिरावला.

अंडी पोहोचली म्हणून काम संपत नव्हतं. ट्राउटला अंडी घालायला वाहतं, थंड पाणी आणि खडीचा तळ लागतो. साठलेल्या तलावात त्याची पुढची पिढी आपसूक उभी राहत नाही. म्हणून उंचावरच्या ट्राउट तलावाची निगा म्हणजे मुख्यतः उबवणीचं काम. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं, अंडी तबकांत एका थरात पसरून त्यांवरून थंड पाणी खेळवायचं आणि मेलेली अंडी रोज वेचून टाकायची. मग बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकली, तलावात सोडायची आणि गळकऱ्यांनी किती व केवढे मासे काढायचे याला मर्यादा घालायची. यातली एक कडी तुटली की थोड्याच वर्षांत तलाव ओस पडतो.

सह्याद्रीचं पाणी ट्राउटसाठी फार उबदार. पण इथे महासीर आहे, जोरदार, मोठ्या खवल्यांचा, चढत्या पाण्यात प्रवास करणारा. दख्खनच्या महासीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून १८३९ साली केली. विसाव्या शतकात धरणं, विषप्रयोग आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांमुळे तो झपाट्याने घटला. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगानेही महासीराच्या घटीकडे लक्ष वेधलं.

तोवर वळवणला काम सुरू झालेलं होतं. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी घाटमाथ्यावर बांधलेल्या तलावांपैकी हा एक. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७०च्या सुमारास इथे पावसाळ्यात पकडलेल्या पिकलेल्या महासीरांची अंडी हाताने काढून उबवायला सुरुवात केली. रीत ट्राउटचीच होती, आणि ती इथे लागू पडली याचं कारण अंड्यात आहे. रोहू-कटल्याची अंडी लाखांनी असतात, पाण्यात अर्धवट तरंगतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. महासीराचं अंडं ट्राउटसारखं जड. तळाशी बसणारं, संख्येने कमी, पोटात बलक भरपूर असलेलं, आणि ते फुटायला सुमारे तीन दिवस घेतं. फुटल्यावरही पिल्लं काही दिवस उजेड टाळून कोपऱ्यात गर्दी करून पडून राहतात. या अवस्थेचं वर्णन कुलकर्णींनी केलं. या काळात धक्का लागला किंवा पाणी खराब झालं तर सगळा घाणा जातो.

तीन दिवस ही मुदत मोलाची होती. कुलकर्णी आणि ओगले यांनी महासीराची फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने पाठवली आणि १९७९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यूल यांच्या शेवाळाच्या जागी कापूस आला. बर्फाची गरज उरली नाही, कारण आता विमान काही तासांत पोहोचवत होतं. वळवणचे महासीर देशभरच्या पाण्यात गेले.

याच वंशावळीत एक दुखरी नोंदही आहे. वळवणहून गेलेला दख्खनचा महासीर कावेरीतही सोडला गेला. त्या नदीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महासीर होता. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं आहेतच. पण बाहेरून आलेल्या भावकीने त्याची जागा घेतली, हेही अभ्यासकांनी मांडलं आहे. एक जात वाचवण्यासाठी घडवलेलं कौशल्य दुसऱ्या जातीच्या मुळावर आलं. वळवणच्या कामाची थोरवी यामुळे कमी होत नाही. ते काम कुठे थांबायला हवं, एवढंच यातून कळतं.

ग्वाल्हेरकरांना हे सांगण्यात माझा हेतू आहे. शहराला पाणी पुरवणारा, शिंदे संस्थानाने १९१६ साली सांक नदीवर बांधलेला तिघरा तलाव आपण सहलीला जातो तेव्हा पाहतोच. इथल्या उन्हाळ्यात ट्राउट टिकणार नाही. पण महासीर सोडण्याची कल्पना कुणालाही सुचू शकते. मध्य प्रदेशाने महासीराला राज्यमासा म्हणून मान दिला आहे आणि सांकेचं पाणी शेवटी यमुनेच्या खोऱ्यातच जातं. त्या खोऱ्यातल्या चंबळेला तिचे स्वतःचे महासीर आहेत. तेव्हा तिघऱ्यात कधी महासीराची बोटुकली सोडायची ठरली, तर ती याच खोऱ्यातल्या आईबापांची असावी, लोणावळ्याची किंवा नर्मदेची नको. तलावात येणारी ओढ्याची वाट मोकळी असावी, विणीच्या पावसाळ्यात जाळी बंद असावीत आणि सोडलेल्या पिढीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जावी. अंडी कशी न्यायची याचं उत्तर दीडशे वर्षांत पक्कं झालं. ती कुठली घ्यावीत आणि कुठे नेऊ नयेत हे ठरवण्याची जबाबदारी आता पाण्याचा कारभार पाहणाऱ्यांची आहे, आणि ते पाणी पिणाऱ्या आपल्या सगळ्यांची.