सुकाणू-कन्सोल (लहान बोटीचा)

बोट उभ्याने किंवा बसून हाकता यावी म्हणून डेकवर पक्के बसवलेले खोके. त्यावर स्टेअरिंगचे चाक, थ्रॉटलचा दांडा, इंजिनाची किल्ली, होकायंत्र आणि दिव्यांची बटणे असतात. आत केबल, वायरिंग आणि पुष्कळदा बॅटरी.

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या आसपास जुन्या नावाड्यांना त्याची गरज पडली नाही. वर्धेच्या पात्रात ढिवर मासेमार डोंगा चालवतात तो बांबू आणि वल्ह्याच्या बळावर. उथळ पाण्यात खडकांतून वाट काढायला याहून चांगले साधन नाही. मोटर लावली तरी चारेक मीटरच्या बोटीला आउटबोर्ड इंजिनाचा हातदांडाच पुरतो. कन्सोल तिथे नुसती जागा अडवतो. तालुक्यातील मोहर्लीकडे पसरलेल्या इरई जलाशयासारख्या मोकळ्या पाण्यात किंवा पुराच्या बचावकार्यात मात्र चालकाने उभे राहून पुढचे पाहिलेच पाहिजे. वाहत आलेला ओंडका मागे बसून दिसत नाही.

बांधणीची सुरुवात पुठ्ठ्याच्या नमुन्याने करावी. तो बोटीत ठेवून जो माणूस रोज बोट चालवणार त्याला उभे करावे: चाक कोपराच्या उंचीला यावे, नजर कन्सोलच्या पुढच्या काचेच्या वरून जावी, आणि चाक न सोडता उजवा हात थ्रॉटलवर पोहोचावा. मापपट्टीपेक्षा हा माणूस खरा.

साहित्याच्या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोली भाग्यवान आहेत. आलापल्लीच्या जंगलातला सागवान नावाजलेला. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेला तो बल्लारपूरहून. सागातल्या नैसर्गिक तेलामुळे तो पाण्यात सहसा कुजत नाही. पण तेच तेल चिकटवणीच्या आड येते, म्हणून इपॉक्सी लावण्याआधी सांधे ॲसिटोनने पुसून घ्यावे लागतात. लोखंडी स्क्रूने साग काळा पडतो, स्टेनलेसच वापरावे. सबंध खोके सागाचे केले तर फार जड होते. चौकट व कडा सागाच्या आणि फळ्या आय.एस. ७१० प्रतीच्या मरीन प्लायच्या, ही जोडी उत्तम.

प्लायला पाडलेले प्रत्येक छिद्र आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ते सुकल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचे पुन्हा पाडावे. हे टाळले की पाणी थरांत शिरते आणि वरून रंग शाबूत असताना प्लाय आतून फुगतो. लाटेत चालक कन्सोललाच धरतो, म्हणून तो स्क्रूवर न बसवता डेकच्या आरपार बोल्टने, खाली आधारपट्टी देऊन कसावा. स्टेअरिंगची केबल तीव्र कोनात वळवू नये. नाहीतर चाक जड फिरते.

बॅटरी १२ व्होल्टची असते. मुख्य फ्यूज तिच्या अगदी जवळ हवा आणि दिवे, पंप, हॉर्न यांना वेगवेगळे फ्यूज. होकायंत्राजवळून जाणाऱ्या धन-ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, नाहीतर विजेच्या प्रवाहाने सुई हलते. लोखंडी वस्तू व स्पीकर होकायंत्रापासून दूर ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत स्वस्त आहे: इंजिन बंद करणारी दोरी. चालक पाण्यात पडला की ती ओढली जाऊन इंजिन थांबते आणि बोट माणसाशिवाय पुढे धावत नाही, पंखाही त्याच्यावर फिरत नाही. तिचा स्विच किल्लीशेजारी, हाताला लागेल असा बसवावा आणि किल्ली फिरवण्यापूर्वी दोरीचे दुसरे टोक लाइफ जॅकेटला अडकवावे.