रानहंसाची शिकार व शिशाचा छरा

छऱ्याच्या बंदुकीस 'बारा बोअरची' म्हणतात. पण हा बारा आंकडा कशाचा, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची. दहा ओतल्या तर दहाची. म्हणून आंकडा जितका लहान तितकी नळी मोठी. दहाच्या नळीचा व्यास ०.७७५ इंच, बाराच्या ०.७२९ व विसाच्या ०.६१५ इंच भरतो. तात्पर्य, हें परिमाणच मुळीं शिशावर उभारलेलें आहे. अमेरिकेंतील रानहंसांच्या शिकारीचा इतिहास या दृष्टीनें पाहिला असतां, बंदूक व बार यांची निवड ही केवळ शिकाऱ्याची खासगी बाब नव्हती, असें आमच्या मतें स्पष्ट होतें.

हंस हा बदकाहून पुष्कळ मोठा पक्षी. मोठ्या जातीचा कॅनडा-हंस दहा पौंडांहून अधिक भरतो. त्याचीं पिसें दाट, हाडें भक्कम. अशा पक्ष्यास छरा नुसता लागून भागत नाहीं, तो खोल शिरला पाहिजे. याकरितां छरा मोठा हवा. परंतु छरा मोठा केला कीं संख्या घटते. एक औंस शिशांत चार नंबरचे सुमारें १३५ छरे येतात, दोन नंबरचे ८७, तर 'बीबी' जातीचे अवघे ५०. संख्या राखावयाची तर बार वाढविला पाहिजे, आणि मोठा बार सुखानें चालविण्यास नळी मोठी हवी. हंसाच्या शिकाऱ्यांस दहा बोअरचें आकर्षण कां, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

या हिशेबास मर्यादा राहिली नाहीं, तेव्हां कायदा पुढें आला. एकोणिसाव्या शतकांत चेसापीक उपसागरावर बाजारासाठीं शिकार करणारे लोक लहान होडीवर तोफेसारखी प्रचंड बंदूक बसवून पाण्यावरील थवेच्या थवे एका बारांत लोळवीत. १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याखालीं दहाहून मोठ्या बोअरच्या बंदुका निषिद्ध झाल्या. १९३५ सालीं बंदुकींत एका वेळीं तीनच काडतुसें असावींत, असा निर्बंध आला व जिवंत पक्षी भुलावणीस बांधण्याची चाल बंद झाली.

येथवर विचार झाला तो लागलेल्या छऱ्याचा. चुकलेल्या छऱ्याची कथा निराळी आहे. पाणपक्षी अन्न दळण्यासाठीं खडे गिळतात; दलदलीच्या तळाशीं पडलेले छरे त्यांबरोबर पोटांत जातात. तेथें शिसें झिजून रक्तांत मिसळतें व पक्षी लुळा पडून मरतो. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यानें १८९४ सालींच याविषयीं लिहिलें होतें. अलेक्झांडर वेटमोर यानें यूटा प्रांतांतील पाहणीवरून १९१९ सालीं सरकारी पत्रिका प्रसिद्ध केली. आणि १९५९ सालीं फ्रँक बेलरोझ यानें, पाणपक्ष्यांपैकीं दरसाल शेंकडा दोन ते तीन या विषानें मरत असावेत, असा अंदाज मांडला. असे पक्षी खाऊन पांढऱ्या डोक्याचे गरुडही मरूं लागले. तरी पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशास देशभर बंदी झाली ती १९९१ सालीं. ग्रिनेलच्या लेखापासून या बंदीपर्यंत ९७ वर्षें गेलीं.

हा विलंब केवळ हट्टाचा नव्हता. शिसें पाण्याच्या ११.३ पट जड, पोलाद ७.८ पट. हलका छरा वेग लवकर गमावतो. त्यानें पक्षी मरण्याऐवजीं घायाळ होऊन निसटतील, ही शिकाऱ्यांची शंका निराधार म्हणतां येत नाहीं. शिवाय कठीण पोलादानें जुन्या नळ्यांस अपाय होण्याची भीति होती. उपाय निघाला तो असा : पोलादी छरा शिशाच्या छऱ्याहून दोन पायऱ्या मोठा घ्यावा व पल्ला आटोपशीर ठेवावा. मोठ्या छऱ्यांस जागा हवी, म्हणून दहा बोअरला पुन्हां मान आला व १९८८ च्या सुमारास बाराचें साडेतीन इंची काडतूस निघालें. पुढें बिस्मथ व टंगस्टन यांचे छरे आले. टंगस्टनचे कांहीं छरे शिशाहूनही पुष्कळ जड असल्यानें विसाच्या नळीनेंही हंस पाडतां येऊं लागला; मात्र त्यांची किंमत भारी.

बंदीचें फळ काय? मिसिसिपी मार्गानें जाणाऱ्या मॅलार्ड बदकांत शिशाच्या विषानें होणारे मृत्यु ६४ टक्क्यांनीं घटले, असा अंदाज २००० सालीं प्रसिद्ध झाला. हा पुरावा बदकांचा आहे. तथापि छरे गिळण्याची रीत हंसांचीही तीच.

पाणथळावरून शिसें हटलें, तरी बंदुकीचें माप अद्याप एक पौंड शिशानेंच सांगितलें जातें. शिकारी बार निवडी तो एका हंसासाठीं. त्या बारांतील बहुतेक छरे हंसास लागतच नसत, आणि त्यांचा परिणाम मोजण्यास मात्र जवळजवळ शतक लागलें.