जुन्या सायकलीचा लगाम

बालाघाट, वारासिवनी, कटंगी या भागांतील जुन्या मराठी घरांच्या पडवीत किंवा माळ्यावर आजोबा-पणजोबांची काळी सायकल अजूनही आढळते. कोणी कचेरीत कारकून होते, कोणी शाळेत मास्तर, कोणी वकील. त्यांच्यामागे दप्तरे गेली, पगड्या गेल्या, सायकल मात्र राहिली. अलीकडे नातवंडांना ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाटू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. टायर मिळतो, ट्यूब मिळते, साखळी मिळते. घोडे अडते ते ब्रेकच्या रबरापाशी. दुकानदार पुढे करतो तो जोड असतो रिमला दोन्ही कुशींनी चिमटणाऱ्या नव्या ब्रेकचा, आणि तो बसत नाही असे दिसताच सल्ला मिळतो की, या सळया काढून टाका व तारेचा ब्रेक लावा.

या सल्ल्याला आमचा विरोध आहे, आणि तो केवळ पूर्वजांच्या प्रेमापोटी नाही. जुन्या सायकलीचे ‘वेस्टवूड’ जातीचे रिम हाताने चाचपून पाहावे. त्याच्या दोन्ही कडा गोल वळलेल्या असतात. कुशीला सपाट जागा अशी नसतेच. सपाटी आहे ती आतल्या अंगाला, आऱ्यांच्या रांगेच्या दोन्ही बाजूंस. सळईचा ब्रेक घोड्याच्या रिकिबीसारख्या आकड्यात दोन रबरे धरून नेमका तेथेच, आतून बाहेर, दाबला जातो. तारेचा चिमटा लावला तर त्याची रबरे गोल कडेवर टेकतील, दाब पुरेसा पडणार नाही, आणि उतारावर सायकल स्वाराचे ऐकणार नाही. म्हणजे ब्रेक बदलायचा तर रिमही बदलणे आले. अशा रीतीने एकेक वस्तू बदलत गेल्यावर आजोबांचे उरते काय?

हे रिम आणि हा ब्रेक एकमेकांसाठी कसे घडले, हे समजावयास थोडे मागे जावे लागते. आरंभीच्या सायकलींना चमच्याच्या आकाराचा एक लोखंडी तुकडा असे व तो थेट पुढच्या टायरवर दाबला जाई. टायर भरीव रबराचा होता तोवर हे खपून गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर सायकलीस जोडला आणि चमच्याचे दिवस भरले. महागडा टायर घासून झिजविणे कोणास परवडणार? (हवेच्या टायरचे पेटंट थॉमसन नावाच्या गृहस्थांनी १८४५ सालीच घेतले होते; पण त्या कल्पनेस सायकल भेटावयाची होती.) योगायोग असा की, याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे छोटे दुकान काढले. मराठी उद्योगाच्या इतिहासातील एका मोठ्या घराण्याचा श्रीगणेशा सायकलीच्या पान्याने झाला, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

टायर वाचवायचा तर रिम धरले पाहिजे, हा विचार पुढे दोन वाटांनी गेला. एक वाट सळयांची, दुसरी तारेची. तारेचे पेटंट १८९६ चे, अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांचे. रॅले कंपनीचे फ्रँक बाउडेन ते हे नव्हेत; आडनावाच्या साम्यामुळे दोघांची गल्लत सर्रास होते. तार हलकी खरी, पण सळई गंजून तुटण्यास फार काळ लागतो, तिचा दोष डोळ्यांना दिसतो, आणि वाकली तर गावचा लोहारही ती सरळ करून देतो. ज्या मुलखात पाऊस चार महिने आणि दुकान वीस कोस दूर, तेथे सळईच जिंकणार हे उघड होते.

आमचा मुलूख असाच होता. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मध्य प्रांतात निर्माण झाला. गोंदियाहून निघून बालाघाट-नैनपूरवरून जबलपुरास जाणारा अरुंद रूळमार्ग १९०३ ते १९०५ या काळात खुला होत गेला, आणि मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत उतरणाऱ्या मालाला नागपूर-गोंदियामार्गे वैनगंगेच्या काठापर्यंत वाट मिळाली. (ते छोटे रूळ २०१५ मध्ये कायमचे थांबले.) रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर ही नावे आपल्या घरांत ऐकू येतात ती त्या काळची. राजधानी नागपूर, माल विलायती, सुटे भागही विलायती.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने हर्क्युलिस घडविण्यास घेतली. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. १९५१ मध्ये सोनीपतला ‘अॅटलास’ आणि १९५६ मध्ये लुधियान्याला ‘हीरो’ उभी राहिली. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेले व बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. सरहद्द आमच्या अंगणातून गेली. सायकलीच्या बाबतीत मात्र काही तुटले नाही, कारण भारतीय कारखान्यांनी विलायती ‘रोडस्टर’चाच घाट उचलला होता : तेच २८ इंची चाक, तोच दीड इंची टायर, तेच वेस्टवूड रिम, त्याच सळया. म्हणून बर्मिंगहॅमच्या सायकलीस लुधियान्याचे रबर लागू शकते. अॅटलासचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींसाठी ही रबरे आजही बनतात.

तेव्हा रबर निवडताना सायकलीवरील बिल्ला पाहू नये, रिम पाहावे. मागावे ते ‘सळईच्या ब्रेकचे’ रबर, आणि एकदम चार : पुढे दोन, मागे दोन. जुना तुकडा धातूच्या घरासह सोबत न्यावा व लांबी-रुंदी त्याच्याशी ताडून घ्यावी. पेचाचे आटे विलायती सायकलीत कधी निराळे निघतात, अशा वेळी जुने घर ठेवून आत नुसते रबर बदलणे श्रेयस्कर. रबर नखाने दाबून पाहावे. किंचित दबले तर ताजे. काचेसारखे टणक व चकचकीत असेल तर दुकानात पडून म्हातारे झालेले.

पावसाचा प्रश्न वेगळा आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर. मुलामा दिलेले पोलादी रिम ओले झाले की त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो व रबर नुसते घसरते. थांबण्याचे अंतर कोरड्या रस्त्यापेक्षा कित्येक पट वाढते. पाश्चात्त्य देशांत यावर चामड्याचा तुकडा बसविलेली रबरे निघाली. पोलादावर ती पावसात चांगली धरतात, मात्र अॅल्युमिनियमच्या रिमला मुळीच लावू नयेत. अॅल्युमिनियमसाठी असलेली महागडी रबरे आमच्या पोलादाला तसा चमत्कार दाखवीत नाहीत. बैहरच्या रस्त्यावरील घाट श्रावणात उतरायचा असेल, तर कोणतेही रबर असो, आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसून काढावे आणि मगच वेगाचा विचार करावा.

बसविण्याच्या रीतीतही एक मर्म आहे. रबराच्या धातूच्या घराचे एक तोंड बंद व दुसरे उघडे असते. रिम ज्या दिशेने फिरते, त्या दिशेला बंद तोंड आले पाहिजे. पुढच्या ब्रेकाशी चाकाचा वरचा भाग पुढे सरकतो, म्हणून तेथे बंद तोंड पुढे. उलटे बसले तर जोराने ब्रेक दाबताच रबर घरातून निसटून जाते, आणि ते निसटते ते नेमके गरजेच्या क्षणी. मागच्या जोडीचा विचार चाक हाताने फिरवून, त्या जागी रिम वर जाते की खाली हे पाहून करावा.

नवी रबरे लावण्यापूर्वी रिमचा आऊट काढून घ्यावा. सळईचा ब्रेक आतून दाबत असल्याने चाकाचे डावे-उजवे डोलणे त्याला फारसे बाधत नाही. पण चाक वर-खाली उड्या मारीत असेल तर रबर एका जागी घासते आणि दुसऱ्या जागी अधांतरी राहते. रिमच्या आतल्या अंगाचा गंज बारीक पॉलिश-कागदाने काढावा, तेलाचा हात तेथे लागू देऊ नये. सळयांच्या सांध्यांना मात्र तेलाचा एकेक थेंब हवा. एवढे झाल्यावर आधी अंगणात, मग सपाट गल्लीत, आणि शेवटी रिमवर तांब्याभर पाणी ओतून सायकल थांबवून पाहावी.