नरक्या आणि कर्करोगावरील औषधे

नरक्या : (शा. नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना). सह्याद्रीच्या दमट रानातील, दुर्गंधी फुलांचा लहान वृक्ष. सिंधुदुर्गात तो आंबोली परिसरात आढळतो. ‘कॅन्सरचे झाड’ ही त्याची ख्याती अर्धीच खरी आहे. त्याच्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे केले. नरक्यातही ते असल्याचे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. पेशीतील डीएनएची नक्कल होताना पीळ सुटावा म्हणून टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याचा एक धागा कापते व पुन्हा सांधते. हे द्रव्य तो सांधा अडवते, आणि विभाजनाच्या घाईतली पेशी मरते. मग झाडाचा काढाच का घेऊ नये? सत्तरच्या दशकात या द्रव्याचा सोडियम क्षार रुग्णांना मोजून दिला, तरी मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबल्या. काढ्यात तर ते किती उतरले हेही कळत नाही. रेणूत फेरफार करून घडवलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन यांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही ठरावीक रोगांपुरती : पहिल्याला अंडाशयाच्या, दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगासाठी.

कारण कर्करोग हा एक आजार नव्हे. अस्तराच्या पेशींतून कार्सिनोमा, हाडे-स्नायूंतून सार्कोमा, रक्तपेशींतून ल्युकेमिया, लसिकापेशींतून लिम्फोमा उद्भवतो. आणि एका गटातही औषध सारखे नसते. तंबाखू-मिश्रीने होणारा तोंडाचा कर्करोग आतड्याच्या कर्करोगासारखा कार्सिनोमाच, पण त्यावर मुख्यतः शस्त्रक्रिया व किरणोपचार, जोडीला गरजेप्रमाणे सिस्प्लॅटिन. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाला इमॅटिनिबची रोजची गोळी आवरते. ती तोंडाच्या गाठीवर निरुपयोगी. मालवणहून गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईत टाटा रुग्णालयात गेलेल्याला गाठीची बायोप्सी आधी सांगतात ती यासाठीच. केमो हेही विषच, हा आक्षेप खोटा नाही : पांढऱ्या पेशी घटतात, इरिनोटेकॅनने जोराचे जुलाब होतात, काहींच्या यकृताला जनुकीय भेदामुळे ते निकामी करणे जमत नाही. म्हणूनच मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून ठरते, दर फेरीआधी रक्त तपासले जाते आणि गरज पडल्यास मात्रा उतरवतात. रानातून आणलेल्या सालीला ही सोय नाही. झाडाला मात्र या ख्यातीची किंमत मोजावी लागली आहे. औषधनिर्मितीसाठी खोडामुळांसकट बेसुमार तोड झाल्याने पश्चिम घाटात नरक्या विरळ होत गेला.